काचेवरची टिचकी

कानकाकांच्या बाकी कशालाही नावं ठेवलेली चालायची. त्यांच्या टकलाला, चिकटपणाला, कोपरावर विटलेल्या त्याच त्या स्वेटरला. पण कानाला काही बोलायचं नाही. लोक ‘माझा जावई डॉक्टर आहे’ ज्या सुरात सांगतात ना, त्या सुरात हे ‘माझा कान’ म्हणायचे. एकदा लिफ्टमध्ये उभे असताना म्हणाले, “हिचं बेअरिंग जाणार.” बरोबरचे लोक हसले. थोड्याच दिवसांत लिफ्ट मध्येच अडकली, आत नेमके हसणाऱ्यांपैकी दोघे, आणि तेव्हापासून सगळी इमारत त्यांना कानकाका म्हणायला लागली.

बरं, ती नुसती बढाई होती असंही नाही. उभा जन्म रेडिओच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करण्यात गेलेला. बोलणाऱ्याने पानाचा कोपरा दुमडला तरी यांच्या कपाळाला आठी पडायची.

काकू टेलिफोन खात्यात होत्या. त्यांचा आवाज असा की चुकीचा नंबर लागलेला माणूसही जरा वेळ बोलत बसायचा. दोघं निवृत्त झाल्यावर घरात बसून एकमेकांचं डोकं खाण्यापेक्षा त्यांनी एक काम अंगावर घेतलं. दोन रस्ते पलीकडे अंधांसाठी बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय होतं. काकूंनी पुस्तक वाचायचं, काकांनी ते मुद्रित करून, साफसूफ करून ग्रंथालयाला द्यायचं. फुकट. पण काकांचा रुबाब असा की जणू सरकारच यांच्या पगारावर चाललंय.

मागच्या खोलीचा त्यांनी स्टुडिओ केला होता. भिंतींवर जुन्या रजया टांगल्या, खिडकीच्या फटी कापडाने बुजवल्या. काकू आत मायक्रोफोनसमोर आणि काका बाहेर कॉम्प्युटरपाशी, कारण कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरतो. मध्ये बंद दार, दाराला हातभर काच. मुद्रण सुरू असताना फ्रिजसुद्धा बंद. तो पुन्हा चालू करायचा कुणी, यावरून त्या घरात जितकी भांडणं झाली आणि जितकं दूध नासलं, तितकं दुसऱ्या कुठल्या घरात नासलं नसेल.

आणि वाचनाच्या आधी रोज ‘खोली घ्यायची’. हा त्यांचा शब्द. खोली कितीही शांत असली तरी तिचा स्वतःचा एक आवाज असतो. भिंतींचा, तारांचा, लांबच्या रस्त्याचा. आधी अर्धा मिनिट नुसता तोच मुद्रित करून घ्यायचा. मग कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा रे, एवढा हा कचरा, आता सगळ्या वाचनातून हा एवढाच वेचून काढ. तो काढतो. पण त्या अर्ध्या मिनिटात वाचणाऱ्याने दगडासारखं बसायचं. काका काचेतून बोट वर करायचे, काकू स्तब्ध. वेळ झाली की काका काचेवर टिचकी मारायचे. टक! म्हणजे झालं, हला आता.

“शाळेत बाकावर उभं करायचे, ते बरं होतं याच्यापेक्षा,” काकू म्हणायच्या.

“तिथेही तू गप्प बसत नसशील. इथे तेवढं तरी पुण्य पदरात पडतं माझ्या,” काका म्हणायचे.

असं वर्षानुवर्षं चाललं. मग काकूंना जिना चढताना धाप लागायला लागली, पाठोपाठ खोकला, पाठोपाठ तपासण्या. छातीवर नळी टेकवून डॉक्टरांनी विचारलं, “श्वासात शिट्टी वाजतेय. कधीपासून?”

“हल्लीच,” काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. “घरात कुणाला ऐकू नाही आली?”

“हल्लीच,” काकाही म्हणाले.

फुप्फुसं पार वाळत गेली होती. लवकर कळतं तर पुष्कळ काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले आणि खाली बघून लिहीत राहिले. काकू गेल्या. त्यानंतर कानकाका ज्या एका शब्दावर उभे होते, तो म्हणजे ‘हल्लीच’. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचे. हल्लीच सुरू झालं हो, आधी काहीच नव्हतं, असतं तर मला ऐकू आलं नसतं का? लोक मान डोलवायचे. खरंच की, या माणसाला ऐकू आलं नसतं का!

काकूंचं शेवटचं पुस्तक तसंच पडून होतं. वाचन पुरं झालेलं, फक्त साफ करून द्यायचं बाकी. आणि शेवटी काकांनी आपल्या आवाजात एक वाक्य जोडायचं, वाचन कुणाचं आणि ध्वनिमुद्रण कुणाचं ते. ग्रंथालयाच्या ग्रंथपालबाई अधूनमधून फोन करायच्या. “काका, घाई नाही, पण लोक फार विचारतात हो. काकूंचं एक पुस्तक अजून यायचंय, हे त्यांना पाठ आहे.”

वर्ष होत आलं. मग काकांची लेक आली तेव्हा त्यांच्यासाठी हेडफोन घेऊन आली. भारीतले. जुन्या हेडफोनच्या गाद्या झडून नुसतं प्लास्टिक राहिलं होतं आणि काका त्यांना चिकटपट्ट्या लावून वापरत होते. “बाबा, हे घाला आणि आईचं पुस्तक पुरं करा,” लेक म्हणाली, “तुम्ही नुसते बसून राहता ते मला बघवत नाही.”

ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी काका कॉम्प्युटरपाशी बसले. हेडफोन कानावर चढवले आणि दचकले. अजून काही सुरूच केलं नव्हतं, तरी कानात आवाजांचं रान माजलेलं. एक जाड घूं, तिच्यावर बारीक सूं, आणि माऊस हलवला की किर्र. “हात मेल्या!” काका म्हणाले. एवढे पैसे मोजून लेकीने कचऱ्याची टोपली आणली की काय?

तरी त्यांनी पुस्तक सुरू केलं. काकूंचा आवाज आला. इतक्या जवळून आला की काकांचा हात आपोआप टेबलाची कड धरून बसला. पहिलं वाक्य संपलं, दुसरं सुरू व्हायच्या आधी काकूंनी थांबा घेतला, आणि त्या थांब्यात, त्या घूं आणि सूंच्या खालून, कुणीतरी बारीक शिट्टी वाजवली.

काकांनी पुस्तक थांबवलं. घूं होतीच, सूं होतीच. त्यांना वाटलं, हीही त्यातलीच. पुन्हा लावलं. पुन्हा वाक्य, पुन्हा थांबा, पुन्हा ती. बारीक, ओलसर, जाताना जरा लांबणारी. त्यांनी हेडफोन काढले. घर शांत. स्वयंपाकघरात फ्रिज बंद होता, त्यांनीच सवयीने केलेला. पुन्हा घातले, तर ती आपली तिथेच. त्यांनी स्वतःचा श्वास रोखून पाहिला, न जाणो आपलाच असेल. आपला थांबला, तिचा थांबला नाही.

त्यांनी मान वळवून काचेतून मागच्या खोलीत पाहिलं. रजया, टेबल, खुर्ची. खुर्ची रिकामी. ती रिकामी असणार हे ठाऊक असूनही काकांनी पाहिलं, आणि पाहून झाल्यावर त्यांच्या तोंडून निघालं, “अगं?”

अंगावर सरसरून काटा आला. स्वतःचा रागही आला. एवढा जन्म यंत्रांत गेला आणि भर दुपारी रिकाम्या खुर्चीला हाका मारतोस? शोभतं का? त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि स्क्रूला फोन लावला.

स्क्रू म्हणजे त्यांच्या स्टुडिओतला जुना दुरुस्तीवाला. कायम खिशात स्क्रूड्रायव्हर, म्हणून स्क्रू. त्याचा एक तरी ढिला आहे असं काका नेहमी म्हणायचे, आणि काही बिघडलं की पहिला त्यालाच बोलवायचे. स्क्रू आला, हेडफोन घातले, माऊस इकडेतिकडे फिरवला आणि खो खो हसला.

“हसतोस काय? बिघडलेत ना?”

“हेडफोन एक नंबर आहेत काका. तुमचा डबा घाणेरडा आहे. कॉम्प्युटरच्या पोटात सतरा भानगडी चालतात, त्या सगळ्या आवाजाच्या तारेत गळतात. जुन्या हेडफोनला त्या ऐकूच यायच्या नाहीत. हे चांगले आहेत, म्हणून हे नको तेही ऐकवतात.”

“मग इतकी वर्षं मला काय ऐकू येत होतं?”

“तुम्हाला जेवढं हवं तेवढं,” स्क्रू म्हणाला. तो चेष्टेत म्हणाला. पण काकांना ते लागलं, आणि का लागलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

उपाय सोपा होता. आवाज कॉम्प्युटरच्या पोटातून घ्यायचाच नाही. बाहेर एक छोटी डबी जोडायची आणि हेडफोन त्या डबीला लावायचे. स्क्रूने दुकानातून डबी आणली, जोडली, मग काकांच्या कानावर हेडफोन ठेवले. घूं गेली. सूं गेली. माऊस मुका झाला. खोल विहिरीत कान लावावा तशी शांतता.

“आता बोला!” स्क्रूने हात झटकले.

काकांनी पुस्तक लावलं. वाक्य झालं. थांबा आला. आणि ती शिट्टी आता एकटी, उघडी, स्वच्छ वाजली.

“ऐक,” म्हणत काकांनी हेडफोन त्याच्या कानावर चढवले. “डबीत पण दोष आहे. बदलून आण.”

स्क्रू ऐकत राहिला. तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. मग त्याने हेडफोन काढले आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवले, एरवी तो वस्तू आपटल्याशिवाय ठेवत नाही. “काका, हे मशीन नाही. माणूस आहे हा. माझ्या आईचं असंच वाजायचं.”

स्क्रू चहालाही थांबला नाही. दार लावून घेताना म्हणाला, “डबीचे पैसे राहू द्या.”

आता शहाण्या माणसाने काय करावं? कॉम्प्युटरला सांगावं काढ म्हणून, पुस्तक देऊन टाकावं आणि मोकळं व्हावं. काकांनी तेही केलं. शेवटच्या पुस्तकाची ‘खोली’ कॉम्प्युटरला दिली, कचरा काढायला सांगितलं. रस्ता गेला, भिंती गेल्या. शिट्टी जागची हलली नाही. पुन्हा केलं, जोर वाढवून केलं. काकूंचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा झाला, पण शिट्टी राहिलीच. असं कधी झाल्याचं त्यांना ऐकू आलं नव्हतं. जे खोलीत असतं ते जातं. जात नाही, म्हणजे ते खोलीत नव्हतं. शिट्टी वाचनात आहे आणि गप्प बसल्यावर नाही, हे कसं?

मग काका जुन्या खोल्या काढून बसले. काकूंचा खोकला, चुकलेली वाक्यं, ‘थांबा हो, पुन्हा घेते’, मधेच फुटलेलं हसू, हे सगळं त्यांनी त्या त्या वेळी कापून फेकलं होतं. जागा अडते म्हणून. आता त्यातला एक तुकडा मिळता तर त्यांनी राहतं घर देऊन टाकलं असतं. पण खोल्या मात्र त्यांनी जपून ठेवल्या होत्या, पुन्हा साफ करायची वेळ आली तर लागतात म्हणून. प्रत्येक दिवसाची अर्ध्या मिनिटाची शांतता. काकूंना फेकून काकांनी काकूंचं गप्प बसणं तेवढं साठवलं होतं.

पहिल्या पुस्तकाची पहिली खोली त्यांनी लावली. नव्या हेडफोनमध्ये ती शांतता मुळी शांत नव्हतीच. काकूंचं पोट गुरगुरलं. मग दाबलेलं हसू, नाकातून सुटलेलं. मग काचेवर टक! आणि लगेच काकूंचा अर्धा शब्द, “भूक...” तिथे फाईल संपली. काकांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. त्यांनी दुसरी लावली, तिसरी लावली. श्वास होता, शांत, निजलेल्या लेकराचा असतो तसा. शिट्टी नव्हती. “बघ!” काका मोठ्याने म्हणाले, कुणाला कोण जाणे. “नव्हती. हल्लीच आली!”

ते पुढे पुढे जात राहिले. घरात दुसरं होतं कोण अडवायला? जेवण टेबलावर निवून गेलं. आणि मग एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकाच्या खोलीत ती आली. अगदी बारीक, केसाएवढी. पुढच्या खोलीत जरा जाड. त्याच्या पुढच्या खोलीत तर जुन्या, चिकटपट्टी लावलेल्या हेडफोनमध्येसुद्धा ऐकू यायला हवी होती इतकी. ते पुस्तक काही हल्लीचं नव्हतं. त्यानंतर काकूंनी कितीतरी पुस्तकं वाचली होती. आणि त्या प्रत्येक वेळी काकांनी काय केलं होतं? ती शिट्टी कचरा म्हणून कॉम्प्युटरला दिली आणि म्हटलं, वेच. वाचनातून बायकोचं दुखणं स्वतःच्या हाताने पुसून काढलं, आणि आपल्या कानावर खूष होऊन चहा प्यायला बसले.

त्या समुद्राच्या पुस्तकाबरोबर त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. आठवली म्हणण्यापेक्षा अंगावर येऊन पडली. ते पुस्तक ग्रंथालयात गेल्यावर ग्रंथपालबाईंचा फोन आला होता. “काका, आमचे एक जुने श्रोते आहेत, जन्मापासून दिसत नाही त्यांना. ते विचारत होते, वाचणाऱ्या बाईंची तब्येत बरी आहे ना?”

किती सरळ प्रश्न! पण कानकाकांच्या कानाला तो सरळ ऐकू येईल तर शपथ. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “म्हणजे खरखर येतेय, असं म्हणायचंय का त्यांना? माझ्या मुद्रणात?” बाई बिचाऱ्या नाही हो, नाही हो करत राहिल्या. काकांनी फोन ठेवला, सफाईचा जोर वाढवला, आणि स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हणाले, “तुझा श्वास येतो मुद्रणात. लोकांच्या तक्रारी येतायत. खोली घेताना तरी सांभाळत जा जरा.”

काकू भाजी चिरत होत्या. “बरं,” म्हणाल्या. एवढंच.

काकांनी त्याच्या नंतरची खोली लावली. कान टवकारून बसले आणि काय आश्चर्य, शिट्टी गायब! पुढची लावली. तीही कोरी. काकांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे तेव्हा सर्दी असेल, धूळ असेल, गेली असेल आपोआप! चांगल्या माणसालाही होतं की चार दिवस! पुढच्या खोलीत पोट नाही, हसू नाही, शिट्टी नाही, काही म्हणजे काहीच नाही. श्वासही नाही.

श्वासही नाही.

काकांनी फाईल पुरी होऊ दिली. ती निखळ शांतता शेवटापर्यंत तशीच राहिली. मग काचेवर त्यांचीच टिचकी वाजली, टक! आणि पाठोपाठ बुडता माणूस पाण्याबाहेर डोकं काढतो तसा काकूंनी हवेचा एक भलामोठा घोट घेतला. त्यात शिट्टी होती, घरघर होती, छातीतलं सगळं होतं. फाईल संपली.

दुसरी लावली. शांतता, टिचकी, घोट. तिसरी, चौथी, शेवटच्या पुस्तकाची शेवटची. शेवटी शेवटी तर टिचकीनंतर नुसता घोट नव्हता; हाताने टेबल धरल्याचा आवाज होता. काकू अर्धा मिनिट श्वास कोंडून बसायच्या. रोज. नवऱ्याच्या मुद्रणाला बोल लागायला नको म्हणून. म्हणून खोलीत शिट्टी सापडली नाही, म्हणून कॉम्प्युटरला ती काढता आली नाही. आणि म्हणजे काकूंना माहीत होतं. डॉक्टरांसमोर त्या ‘हल्लीच’ म्हणाल्या, ते कुणाला सांभाळायला म्हणाल्या?

कानकाकांनी डोकं आपटलं नाही की आरडाओरडा केला नाही. फक्त कानावरचे हेडफोन दोन्ही तळव्यांनी दाबून धरले, लेकरू कान झाकतं तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुस्तकाचं शेवटचं वाक्य मुद्रित करायला घेतलं. मुद्रण सुरू केलं, मागच्या खोलीत गेले, दार लावलं आणि काकूंच्या खुर्चीवर बसले. आधी खोली घ्यायला हवी. काकांनी छाती भरून घेतली, ओठ मिटले, आणि काचेकडे बघत राहिले. काचेपलीकडे त्यांची स्वतःची खुर्ची दिसत होती. तिथून कसं दिसत असेल, असं त्यांना वाटलं. बोट वर करून बसलेला एक माणूस, तोंडावर केवढी ऐट, आणि तो घड्याळाकडे बघतोय, हिच्याकडे नाही. काकांच्या कानात ठोके पडायला लागले, डोळ्यांपुढे रजयांचे रंग फिरायला लागले. त्यांची फुप्फुसं धडधाकट होती. तरी अर्धा मिनिट व्हायच्या आत त्यांचं तोंड उघडलं. टिचकी मारायला पलीकडे कुणी नव्हतं.

दम खाली बसल्यावर त्यांनी ते वाक्य म्हटलं. वाचन कुणाचं ते सांगितलं. ध्वनिमुद्रण कुणाचं ते सांगितलं नाही.

पुस्तक पाठवल्यावर ग्रंथपालबाईंचा फोन आला. बिचाऱ्या चाचरत बोलत होत्या. “काका, रागावू नका हं. फाईल चुकून साफ न करताच आलीये का? काकूंच्या श्वासाचा आवाज या वेळी फारच येतोय.”

“चुकून नाही आली. तशीच राहू दे.”

“बरं... बरं.”

“आणि बाई, मागे एका श्रोत्यांनी काकूंची चौकशी केली होती. तब्येत बरी आहे ना म्हणून. आहेत का ते अजून?”

“आहेत की! परवाच येऊन गेले.”

“मी त्यांना उत्तरच दिलं नव्हतं,” काका म्हणाले. “त्यांना सांगा, बरी नव्हती.”